माल्टाच्या हायपोजियममधली ७००० माणसं: साथ, नरबळी की आणखी काही?

घाटवाटा

मंडळी, बहीण नोकरीनिमित्त माल्टाला असते, मे महिन्यात तिच्याकडे जायचं जवळपास ठरलंय. तिकडे बघण्यासारखं काय म्हणून शोधायला बसलो तर हाल साफ्लिएनी हायपोजियम हे नाव सारखं समोर यायला लागलं. पाओला नावाच्या गावात, साध्या रहदारीच्या गल्लीत, रस्त्याच्या खाली खडकात कोरलेलं तीन मजली दफनस्थान, आणि वय म्हणाल तर गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधीचं. वाचूनच अंगावर काटा आला.

मग यूट्यूबवर गेलो आणि डोकं पार भंजाळलं. एकजण सांगतो की ७००० माणसांची हाडं एकमेकांत मिसळून पडलेली सापडली म्हणजे नरबळीच असणार, दुसरा म्हणतो मोठी साथ आली आणि सगळ्यांना एकदम आत टाकलं, आणि तिसरा तर लांबट कवट्या दाखवून परग्रहावरच्या लोकांपर्यंत पोचला. मला खरंच समजून घ्यायचंय. हाडं मिसळलेली का होती? एका माणसाला एक थडगं असं नसून सगळे एकत्र का? आणि हे कळतं कसं, म्हणजे नुसत्या हाडांच्या ढिगावरून साथ होती की नव्हती हे कोण कसं ठरवतं? इथे पुरातत्त्व शिकलेले लोक आहेत हे माहितीये म्हणून विचारतोय, सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

पांढरीचं टेकाड

चांगला धागा काढलात. मी एमए पुरातत्त्वमध्ये केलं, नंतर काही वर्षं हाडांवरच काम केलं, त्यामुळे हा विषय जवळचा आहे, जरा लांबेल.

आधी साधा हिशोब करू. हायपोजियमचा वापर साधारण इ.स.पू. ४००० ते २५०० असा धरतात, म्हणजे दीड हजार वर्षं. ७००० भागिले १५०० केलं तर वर्षाला पाच माणसंसुद्धा येत नाहीत! व्हिडिओवाले ७००० हा आकडा असा सांगतात की जणू एका दुपारी घडलंय सगळं. शिवाय तो आकडाही मोजलेला नाहीये. थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टीज पुरातत्त्वज्ञांनी एका छोट्या, तोवर न उपसलेल्या भागात किती माणसांची हाडं निघतात ते बघितलं आणि त्यावरून सगळ्या जागेचा अंदाज बांधला. आता पडताळून बघायची सोय नाही, कारण हाडंच राहिली नाहीत.

ती का राहिली नाहीत हे ऐकलं की अजूनही वाईट वाटतं. १९०२ मध्ये तिथे नवी घरं बांधायचं काम चालू होतं, पाण्याची टाकी खोदताना कामगार थेट खालच्या दालनात शिरले. बांधकाम थांबेल म्हणून काही काळ गोष्ट दाबून ठेवली आणि वर घरं उभी राहिली. नंतर फादर इमॅन्युएल मॅग्री या जेझुइट पाद्र्यांनी उपसा सुरू केला, पण १९०७ मध्ये ट्युनिशियातल्या स्फॅक्सला ते वारले आणि त्यांच्या नोंदी कधीच मिळाल्या नाहीत. कुठल्या दालनात कुठल्या थरात काय होतं, कोण कसं पडलं होतं, सगळं त्या नोंदींबरोबर गेलं. पुढचं काम झॅमिटनी केलं. मूळचे डॉक्टर, माल्टा तापाचं मूळ शेळ्यांमध्ये आहे हे १९०५ मध्ये शोधणारे तेच. त्यांनी जमेल तेवढं वाचवलं, पण तोवर बराचसा माल बाहेर गेलेला.

म्हणून तुमच्या प्रश्नांची उत्तरं हायपोजियममध्ये फारशी मिळत नाहीत. ती मिळतात शेजारच्या गोझो बेटावर, शारा नावाच्या गावात. तिथे शारा सर्कल म्हणून जागा आहे, मोठमोठ्या दगडांचं कडं आणि त्याच्या खाली गुहा. १८२० च्या दशकात ऑटो बेयर या अधिकाऱ्याने ती उकरली, ब्रोक्टॉर्फ या चित्रकाराने तिची जलरंगात चित्रं काढली, मग ती बुजवली गेली आणि जागा कुठे होती हेच लोक विसरले. १९६४ मध्ये जो अतार्द-ताबोने नावाच्या स्थानिक अभ्यासकाने त्या जुन्या चित्रांवरून शेतातली जागा पुन्हा हुडकली. १९८७ ते १९९४ इंग्लिश आणि माल्टीज मंडळींनी मिळून नीट, थर न् थर नोंदवत उत्खनन केलं. सुमारे २,२०,००० हाडांचे तुकडे! बोटाच्या पेरापासून सगळं जपलं. मला विचाराल तर माल्टाच्या त्या काळातल्या माणसांबद्दल आपल्याला जे काही कळलंय ते मुख्यतः शाराने दिलंय, हायपोजियम दिसायला कितीही भारी असलं तरी.

आता साथ की नाही हे कसं कळतं. साथीत किंवा कत्तलीत माणसं एकदम पुरली तर अख्खे सांगाडे एकमेकांवर सापडतात, एकाच थरात, मध्ये माती नाही, आणि कार्बन डेटिंग केलं तर तारखा एका ठिकाणी गोळा होतात. शारात तसं नाही. मुख्य गुहेतल्या हाडांच्या तारखा ढोबळमानाने इ.स.पू. २९०० ते २४०० अशा पसरलेल्या आहेत, पाच शतकं! पणजीच्या पणजीच्या पणजीला जिथे ठेवलं तिथेच आणून ठेवत होते. बायका, पुरुष, म्हातारे, अगदी तान्ही बाळंसुद्धा. शस्त्राच्या घावांच्या खुणा फार थोड्या, त्यामुळे नरबळीला आधार नाही. आपण ज्याला सामूहिक दफन म्हणतो ते आणि एकगठ्ठा पुरणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातम्यांमध्ये नेमकी इथेच गल्लत होते.

कवट्यांबद्दल: हायपोजियममधल्या मोजक्याच कवट्या आज शिल्लक आहेत. काही माणसांचं डोकं लांबट असतं, काहींचं गोल, जगात सगळीकडे असतं. एवढंच आहे ते.

देवगडकर

वा, मस्त माहिती. टेकाडभाऊ, मला एक सांगा, हे कोरलं कशाने? धातू होता का त्यांच्याकडे?

आमच्याकडे चिरेखाण आहे म्हणून विचारतोय. जांभा खाणीतून काढतो तेव्हा ओलसर मऊ असतो, वारं लागलं की कडक होतो, तरी मशीन यायच्या आधी एकेक चिरा हाताने काढताना जीव जायचा माणसाचा. तीन मजले खाली जायचं म्हणजे काय काम असेल.

पांढरीचं टेकाड

@देवगडकर, बहिण म्हणा, भाऊ नको :)

धातू अजिबात नाही. शिंगाच्या टोकदार कुदळी, चकमक आणि ऑब्सिडियनची (ज्वालामुखीतून तयार होणारी काच) पाती, दगडी हातोडे. ऑब्सिडियन तर बेटावर मिळतच नाही, लिपारी आणि पांतेलेरिया या बेटांवरून होडीने यायचं. दगडाचं तुम्ही म्हणता तसंच आहे. हाल साफ्लिएनीचा खडक ग्लोबिजेरिना चुनखडी, ताजा असताना मऊ, उघडा राहिला की वर कडक साल धरतो. माल्टातली घरं आजही त्याच पिवळसर दगडाची असतात. गवंडी लोकांना तो दगड आवडतो तो याचसाठी.

आणि एकदम तीन मजले नाही खोदले. वरचा मजला सगळ्यात जुना, तिथे आधीच्या लहान गुहांसारख्या जागा होत्या, मग मधला, मग खालचा, रस्त्यापासून दहा मीटरच्या वर खोल. पिढ्यानपिढ्या कोणी ना कोणी कोरतच होतं.

ओवी_इन_ट्रान्झिट

मी बघून आलेय हायपोजियम, म्हणून प्रॅक्टिकल आधी सांगते. तिकीट आत्ताच काढा, म्हणजे हे वाचून झालं की लगेच. तासाला दहाच माणसं सोडतात, दिवसाला ऐंशी, कारण माणसांच्या श्वासाने आणि घामाने आतली हवा बदलते आणि छतावरचा गेरू खराब होतो. नव्वदच्या दशकात बरीच वर्षं जागा बंद ठेवून त्यांनी ही व्यवस्था केली. फोन, कॅमेरा, बॅग सगळं बाहेर. मला ते आवडलं, कारण फोटो काढायचाच नसल्याने सगळे गप बघत होते.

आत अंधार असतो, तुम्ही पुढे जाल तसा एकेक दिवा लागतो. मधल्या मजल्यावर एक दालन आहे, त्याला होली ऑफ होलीज म्हणतात, तिथे मी अक्षरशः खिळले. खडकातच दोन उभे खांब आणि वर आडवी तुळई असा दरवाजा कोरलाय, त्याच्या आत आणखी एक तसाच, आणि वर छताला दगडांच्या एकावर एक पुढे आलेल्या रांगा कोरल्यात, जमिनीवरच्या त्यांच्या मंदिरांचं छत कसं बांधत असतील ते दाखवायला. म्हणजे बघा, खडक कोरताना ना तुळईची गरज ना रांगांची, छत काही पडणार नव्हतं. तरी केलं! मला लगेच भाजे आठवलं, तिथे चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या लावल्यात, ज्यांचा खडकाला काडीचा आधार नाही, बाहेर जशी लाकडी वास्तू बांधायचे तशीच आत हवी म्हणून. दोन्हीत दोनेक हजार वर्षांचं अंतर आहे, एकमेकांशी काही संबंध नाही, पण कोरणाऱ्याच्या मनात तेच. वर जिवंत माणसांसाठी जसं देऊळ, तसंच खाली मेलेल्यांसाठी.

शेजारच्या दालनांच्या छतावर लाल गेरूची वेलबुट्टी आहे, चक्राकार वळणं, हात न लावता अगदी जवळून बघता येते. ब्रश कुठे उचललाय ते कळतं असं मला वाटलं. ऑरॅकल रूममध्ये भिंतीत एक कोनाडा आहे, खर्जातला आवाज त्यात घुमतो, ऐकवतात कधीकधी. ११० हर्ट्झच्या आसपास घुमतो म्हणे. पण ते मुद्दाम तसं कोरलं असं जे व्हिडिओत छातीठोक सांगतात ते सिद्ध झालेलं नाही.

आणि व्हॅलेटाच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये स्लीपिंग लेडी चुकवू नका. हायपोजियममध्येच सापडली. जेमतेम बारा सेंटिमीटरची मातीची मूर्ती, एक भरदार बाई कुशीवर झोपलीय, एक हात डोक्याखाली, घागऱ्याची झालर दिसते, आणि खालची बाज तिच्या वजनाने मधोमध वाकलीय. ती वाकलेली बाज बघा म्हणजे कळेल करणाऱ्याने किती बारकाईने बघितलं होतं माणसाला झोपलेलं.

घाटवाटा

@ओवी तिकीट बहिणीला काढायला सांगितलं, धन्यवाद! भाज्याचं डोक्यातच आलं नव्हतं.

@टेकाडताई, अजून एक शंका. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी सावडायला जातात, अस्थी गोळा करून आणतात, तसं असेल का? म्हणजे शरीर आधी बाहेर कुठे तरी ठेवायचं आणि नुसती हाडं आणून गुहेत टाकायची. त्याने हाडं मिसळलेली असण्याचं कोडंही सुटतं.

पांढरीचं टेकाड

खूप छान प्रश्न, आणि बरीच वर्षं अभ्यासकांमध्येही हाच वाद होता. याचं उत्तर बारक्या हाडांमध्ये आहे.

शरीर बाहेर कुजू दिलं आणि मग हाडं गोळा करून आणली तर काय येतं? कवटी, मांडीचं हाड, दंडाचं हाड, कमरेचं. हाताची मनगटातली खड्यांएवढी हाडं, पायाच्या बोटांची पेरं, गुडघ्याची वाटी, ही मागे राहतात, मातीत हरवतात, कुत्री नेतात. त्यामुळे दफनाच्या जागी मोठी हाडं भरपूर आणि बारकी जवळजवळ नाहीत असं दिसलं तर समजायचं की शरीर दुसरीकडून हाडांच्या रूपात आलंय. शारात बारकी हाडं आहेत, चांगल्या प्रमाणात. काही ठिकाणी हाताची, पायाची हाडं अजून जागच्या जागी सांध्यात जुळलेली. म्हणजे माणूस गेल्यावर अख्खं शरीर आत आणून ठेवलं होतं. २०१३ नंतर फ्रॅगसस नावाच्या संशोधन प्रकल्पात त्या सव्वादोन लाख तुकड्यांवर पुन्हा काम झालं तेव्हा हे बरंच पक्कं झालं.

मग मिसळले कसे? त्यांनीच मिसळले, आतच, नंतर. शारातलं सगळ्यात जुनं थडगं बघा, इ.स.पू. ४००० च्या आसपासचं. खडकात उभा खड्डा, त्याच्या दोन बाजूंना एकेक खोली, माणसाला वाकूनच आत जावं लागेल एवढी. त्या दोन छोट्या खोल्यांत साठहून जास्त माणसं. नवीन कोणी आलं की आधीच्यांची हाडं भिंतीकडे सरकवायची आणि जागा करायची, शेवटचं शरीर तेवढं जवळपास जागेवर. सोबत शिंपल्याचे मणी, हिरव्या दगडाची कुऱ्हाडीच्या आकाराची लोलकं, आणि गेरू, खूप गेरू. पुढे मोठ्या गुहेत हेच जास्त रचून केलंय, कुठे कवट्या एका ठिकाणी आणून ठेवलेल्या, कुठे लांब हाडं एकत्र. तिथे जाणारा प्रत्येकजण आधीच्यांना हात लावत होता, उचलत होता, ठेवत होता. आपल्याला 'शांतपणे पडू द्या' असं वाटतं, त्यांना तसं वाटत नव्हतं, आणि मला हे या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मेलेला माणूस तिथे एकटा राहत नाही, हळूहळू सगळ्यांमध्ये मिसळतो.

माणसं मोजतात कशी हेही विचारलं नव्हतंत पण सांगते: एकच हाड निवडायचं, समजा डाव्या मांडीचं, आणि ते किती निघाली ते मोजायचं, कारण डावी मांडी माणसाला एकच. त्यावरून 'किमान इतकी माणसं' हे कळतं. शारात आकडा ८०० च्या घरात सांगितला जातो.

कारणमीमांसा

थांबा, मग गणितात अडचण आहे. ८०० माणसं आणि पाचशे वर्षं म्हणजे वर्षाला एक-दोन. एका गावात सुद्धा याहून जास्त माणसं मरतात. बाकीचे कुठे गेले? म्हणजे हे सामूहिक म्हणायचं तरी निवडकच की. राजे, पुजारी वगैरे?

पांढरीचं टेकाड

@कारणमीमांसा बरोबर पकडलंत. एक म्हणजे जागा अनेक होत्या. माल्टात शेमशियाच्या टेकडीवर १९५५ मध्ये जॉन इव्हान्स यांनी खडकात कोरलेली थडगी उघडली, आतून पाकळ्यांसारखे कप्पे असलेली, ती आजही जाऊन बघता येतात. शिवाय आतली जुनी हाडं अधूनमधून बाहेर काढलीही असतील. पण सगळ्यांनाच इथे आणत नव्हते ही शक्यता तुमच्या गणिताने उरतेच. राजे-पुजारी मात्र मला पटत नाही. राजाचं दफन असेल तर एका माणसाजवळ खूप वस्तू असं दिसायला हवं. इथे वस्तू कोणा एकाच्या नाहीत. दगडी मोठ्या कुंडाजवळ नऊ छोट्या मूर्ती एका जुडग्यासारख्या सापडल्या, काही अर्धवट कोरलेल्या, त्या कोणाच्या? कोणाच्याच नाहीत, जागेच्या. तशीच एक जोडमूर्ती आहे, दोन जाड्या आकृती एका बाजेवर शेजारी बसलेल्या, एकीच्या हातात पेला आणि दुसरीच्या हातात छोटासा माणूस. तान्ही बाळं आणि म्हातारे सारख्याच गर्दीत आहेत. त्यामुळे निवड झाली असेल तर ती घराण्यावरून किंवा गावावरून झाली असावी असं माझं मत, पदावरून नाही.

उलट उदाहरण आपल्या घरचंच आहे. घोड नदीकाठचं इनामगाव, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खोदलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी. तिथे ताम्रपाषाण काळात मोठ्या माणसांना राहत्या घराच्या जमिनीखाली पुरायचे, एकेकाला वेगळं, डोकं उत्तरेला, आणि घोट्याखाली पाय तोडून. मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. तिथे माणूस आपल्या घरात आपल्या जागी राहतो, माल्टात घर सोडून सगळ्यांच्या जागी जातो.

देवगडकर

बेटावर राहायचे म्हणजे मासे खाऊन जगत असणार ना? हाडांवरून तेही कळतं असं ऐकलंय.

पांढरीचं टेकाड

कळतं, हाडातल्या कार्बन-नायट्रोजनच्या आयसोटोपवरून, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून. आणि उत्तर तुम्हाला आवडणार नाही, समुद्र चारी बाजूंनी असून मासे फारच कमी! धान्य आणि जनावरं, शेतकरीच होते ते.

ओवी_इन_ट्रान्झिट

डीएनएचं पण काही आलंय ना २०२२ मध्ये?

पांढरीचं टेकाड

हो, शारातल्या काही जणांचा. युरोपातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांचेच वंशज, त्यामुळे परग्रहवाल्यांचा विषय तिथेच संपला. लोकसंख्या फार लहान असल्याचं जनुकांत दिसतं, आणि एका व्यक्तीचे आईवडील तर एकमेकांचे खूप जवळचे नातेवाईक होते. बाहेरून माणसं येणं कमी झालं असावं. इ.स.पू. २४०० च्या सुमारास ही मंदिरं बांधणारी संस्कृती संपते, का संपते यावर दुष्काळ, मातीची धूप, बाहेरचे लोक असे बरेच तर्क आहेत, तो वेगळ्या धाग्याचा विषय. एवढंच सांगते की आहार खालावत गेल्याच्या, मुलांच्या वाढीवर ताण आल्याच्या खुणा दातांत आणि हाडांत आहेत, तरी शेवटपर्यंत ते आपल्या माणसांना त्याच गुहेत आणत राहिले.

घाटवाटा

प्रचंड धन्यवाद सगळ्यांना, विशेषतः टेकाडताई. आता गोझोला एक पूर्ण दिवस काढायचं नक्की केलंय. शारा सर्कल आत जाऊन बघता येतं का?

पांढरीचं टेकाड

सर्कल रोज उघडं नसतं, आधी चौकशी करा. पण तिथून चालत काही मिनिटांवर जगंतिया मंदिरं आहेत, त्यांच्या तिकिटातच छोटं म्युझियम येतं आणि शारातल्या वस्तू तिथे मांडल्यात. आधी म्युझियम बघा, मग मंदिरात जा. चिरकेव्वाहून बोट असते, अर्ध्या तासाच्या आत पलीकडे. आणि व्हॅलेटाचं म्युझियम हायपोजियमच्या आधी करा शक्यतो, स्लीपिंग लेडी बघून मग खाली उतरलात तर ती कुठून आली ते डोळ्यासमोर राहील.